जावा ८ वरून ११ वर गेल्यावर सोप कॉल लटकतात. टाइमआउट लावलाय, मग लागू का होत नाही?

तुमचा प्रश्न मला असा समजला: अ‍ॅप्लिकेशन जावा ८ वरून ११ वर नेलं. बाहेरच्या सोप सर्व्हिसला (एक्सएमएल निरोपांवर चालणाऱ्या वेब सर्व्हिसला) जाणारे कॉल आधी फार तर दहा सेकंद थांबून एरर द्यायचे, आता अधूनमधून तासन्‌तास अडकतात. लॉगमध्ये काही येत नाही, आणि टाइमआउट, म्हणजे किती वेळ थांबायचं याची मर्यादा, लावणारा कोड कोणी हलवलेला नाही.

कोड हलवला नाही, हेच कारण असण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे.

सप्टेंबर २०१८ मध्ये आलेल्या जावा ११ मधून जॅक्स-डब्ल्यूएस (सोप कॉल करणारा भाग) आणि जॅक्सबी (एक्सएमएल आणि जावा ऑब्जेक्ट यांची अदलाबदल करणारा भाग) काढून टाकले गेले. तुम्ही तेव्हा पॉम फाइलमध्ये (लागणाऱ्या लायब्ररींच्या यादीत) त्यांची स्वतंत्र लायब्ररी टाकली असणार, बिल्ड पास झाला असणार आणि कॉलही जायला लागले असणार. पण जेडीकेच्या, म्हणजे जावाच्या मूळ संचाच्या, पोटात जी प्रत होती, तिच्या टाइमआउट प्रॉपर्टीच्या नावात 'इंटर्नल' हा शब्द होता: कॉम.सन.एक्सएमएल.इंटर्नल.डब्ल्यूएस.रिक्वेस्ट.टाइमआउट. स्वतंत्र लायब्ररीत तो 'इंटर्नल' नाही, बाकी नाव तेच. कनेक्ट टाइमआउटचंही असंच. हे नाव म्हणजे रिक्वेस्ट कॉन्टेक्स्टच्या मॅपमधली (कॉलसोबतच्या सेटिंगच्या यादीतली) एक साधी स्ट्रिंग आहे. कंपायलरला त्यातलं काही कळत नाही, लायब्ररी अनोळखी नाव बघून तक्रारही करत नाही. तुमचे दहा हजार मिलिसेकंद मॅपमध्ये नुसते पडून राहतात. आणि टाइमआउट दिलेला नसला की खालचं एचटीटीपी कनेक्शन शून्य धरतं, म्हणजे अमर्याद वाट बघणं.

आमच्याकडे हे रात्री साडेअकराला उघडकीस आलं. गोदामाच्या ऑर्डरी एका बाहेरच्या सर्व्हिसकडे जायच्या. मधली फायरवॉल रीस्टार्ट झाली, चालू कनेक्शनं समोरून गेली आणि आमच्या बाजूला ते कळवणारं पॅकेट आलंच नाही. आम्ही फक्त वाचत बसलेलो, काही पाठवत नव्हतो, त्यामुळे टीसीपीलाही शंका यायचं कारण नव्हतं. जेस्टॅक चालवून थ्रेड डंप (कोणता थ्रेड कुठे थांबलाय याची यादी) काढला तर आमच्या वेब सर्व्हरचे, टॉमकॅटचे, दोनशेच्या दोनशे थ्रेड सॉकेट-रीड-झिरोच्या, म्हणजे नेटवर्कवरून वाचण्याच्या, एकाच ओळीवर उभे. सगळ्यांची अवस्था 'रनेबल', म्हणजे चालू, दिसत होती, म्हणून पहिला अर्धा तास आम्ही सीपीयूकडे बघण्यात घालवला. नेटिव्ह कॉलमध्ये (जावाबाहेरच्या, ऑपरेटिंग सिस्टिमच्या कोडमध्ये) वाट बघणारा थ्रेड जावाला रनेबलच दिसतो, हे तुम्ही आधीच लक्षात ठेवा. सीपीयू निवांत आणि थ्रेड रनेबल, असं दिसलं की वाचण्यातच अडकलाय असं समजा.

उपाय दोन ओळींचा आहे, नवीन नावाने दोन्ही प्रॉपर्टी द्या. एकच कोड ८ आणि ११ दोन्हींवर चालवायचा असेल तर जुनी नावंही राहू द्या, त्यांचा त्रास होत नाही. लायब्ररी मात्र २.३ च्या मालिकेतली घ्या. ३ पासून पॅकेजचं नाव जावॅक्सचं जकार्ता झालं, आणि तुमचे जुने जनरेट केलेले स्टब (सर्व्हिसला हाक मारणारे क्लास) त्याच्याशी जुळणार नाहीत.

यानंतरही एक फट राहते. सर्व्हिसचं ऑब्जेक्ट बनतं त्याच क्षणी डब्ल्यूएसडीएल, म्हणजे सर्व्हिसचं वर्णन करणारी फाइल, नेटवर्कवरून ओढलं जातं. तुमचे टाइमआउट पोर्टवर (इथे पोर्ट म्हणजे कॉल करणारं ऑब्जेक्ट, नेटवर्कचा पोर्ट नव्हे) लागतात, आणि पोर्ट त्या ऑब्जेक्टमधून नंतर मिळतो. म्हणजे हे ओढणं तुमच्या टाइमआउटच्या बाहेरच होतं. डब्ल्यूएसडीएल फाइल अ‍ॅपच्या जारमध्ये ठेवा आणि तिथूनच वाचा. ते लगेच जमणार नसेल तर सन.नेट.क्लायंट.डिफॉल्टरीडटाइमआउट आणि तिचं कनेक्टवालं भावंड जेव्हीएमला मिलिसेकंदांत द्या. ते पूर्ण प्रोसेसला लागू होतं, म्हणून आकडा जरा सैल ठेवा.

दुरुस्तीनंतर लॉगमध्ये एरर दिसायला लागतील, तेव्हा त्यांचे शब्द नीट वाचा. सॉकेट-टाइमआउट एक्सेप्शनसोबत 'कनेक्ट टाइम्ड आउट' आलं तर तुमची मर्यादा लागली. कनेक्ट एक्सेप्शनसोबत 'कनेक्शन टाइम्ड आउट' आलं तर ऑपरेटिंग सिस्टिमने हात टेकले. लिनक्स नेहमीच्या सेटिंगवर सहा वेळा पुन्हा प्रयत्न करतं आणि साधारण १२७ सेकंदांनी सोडतं. आकडा १२७ च्या आसपास दिसला तर तुमचा कनेक्ट टाइमआउट अजूनही लागलेला नाही. 'रिफ्यूज्ड' म्हणजे मशीन सापडलं, पण त्या पोर्टवर ऐकणारं कोणी नाही.

'रीड टाइम्ड आउट' हा यातला सगळ्यात धोक्याचा. त्याचा अर्थ एवढाच की ठरलेल्या वेळात एक बाइटही आला नाही. काम झालं नाही, असा अर्थ त्यातून काढू नका. पैसे, ऑर्डर, नोंदणी यांचे कॉल इथे डोळे झाकून रीट्राय केलेत तर तीच नोंद दोनदा पडेल. प्रत्येक मागणीला स्वतःचा क्रमांक द्या, समोरच्यांना तो तपासायला सांगा आणि मगच रीट्राय लिहा. शिवाय ही मर्यादा प्रत्येक वाचनापुरती असते. सर्व्हर दर नऊ सेकंदांनी थोडं थोडं पाठवत राहिला तर दहाचा टाइमआउट कधीच लागणार नाही.

समोरचा सर्व्हर जुना असेल तर टीएलएसही (कनेक्शन सुरक्षित करणारा प्रोटोकॉल) बघा. एप्रिल २०२१ च्या अपडेटपासून, म्हणजे जावा ११.०.११ पासून, टीएलएस १.० आणि १.१ मुळातच बंद असतात. तिथे हँडशेकची (कनेक्शन सुरू करतानाच्या बोलणीची) एरर स्पष्ट येते. पण जावा ११ टीएलएस १.३ सुद्धा देऊ करतं, आणि मधलं एखादं जुनं उपकरण त्यावर गप्प बसू शकतं. जेडीके.टीएलएस.क्लायंट.प्रोटोकॉल्स या प्रॉपर्टीमध्ये फक्त टीएलएस १.२ ठेवून एकदा चालवून बघा.

टाइमआउट खरंच लागला का, याची परीक्षा प्रॉडक्शनवर घेऊ नका. स्वतःच्या मशीनवर नेटकॅट या छोट्या नेटवर्क टूलला ९९९९ पोर्टवर ऐकत बसवा आणि सर्व्हिसचा पत्ता तिकडे वळवा. तो कनेक्शन घेईल, तुमचं सोप एन्व्हलप (पाठवलेला निरोप) स्क्रीनवर दाखवेल आणि उत्तर काहीच देणार नाही. घड्याळ लावा. दहाव्या सेकंदाला 'रीड टाइम्ड आउट' आलं तर जिंकलात. नाही आलं तर थ्रेड डंपमधल्या अडकलेल्या एका थ्रेडचा पूर्ण स्टॅक आणि लायब्ररीची नेमकी आवृत्ती इथे टाका, त्यावरून पुढचं सांगतो.