गीर गाय घेताना दाखला बघावा की दूध?

दिंडोरीच्या दादांनी विचारलंय: दोन गीर गाई घ्यायच्यात, विकणारा पैदासकार संघाचा शुद्धतेचा दाखला दाखवतोय, तेवढ्यावर व्यवहार करावा का? आणि मेहुणेही घोटीला एक घेणार आहेत.

दादा, दाखला घ्या, पण त्यावर दुधाची नोंद आहे का ते आधी बघा. फुगीर कपाळ, लोंबते लांब कान, मागे वळलेली शिंगं डोळ्यांना दिसतातच. दिसत नाही ते दूध. महिन्यातून एक दिवस दोन्ही वेळचं दूध मोजून ३०५ दिवसांच्या वेताचा, म्हणजे एकदा व्याल्यानंतरच्या दुधाचा, हिशेब काढायचा, हे संघाचं खरं काम.

वळूचं तर त्याहून अवघड. दूध त्याच्या लेकी देणार. माझ्या गोठ्यात एका वळूच्या दोन कालवडी चांगल्या निघाल्या, पण ते वळूचं देणं की माझ्या घासाचं, मला सांगता येत नाही. त्याच्या लेकी अनेक गोठ्यांत वाढल्या आणि सगळीकडे दूध मोजलं, तरच वळू कळतो. एकट्याच्या आवाक्यातलं नाही ते. गीर मूळची सौराष्ट्राची, पण ब्राझीलच्या पैदासकारांनी तिथल्या एम्ब्रापा या सरकारी संशोधन संस्थेबरोबर १९८५ पासून नेमकं हेच चालवलंय. आपण कृत्रिम रेतनासाठी वळूची रेतमात्रा भरतो तेव्हा वळूचा नंबरही विचारत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

माझी पहिली गीर 'चौदा लिटरची' होती. कास तट्ट, चारही सड ताठ. घरी आणल्यावर काट्यावर सात भरले. आदल्या वेळची धारच काढलेली नव्हती! तेव्हापासून मी मुक्कामाला जातो. संध्याकाळी समोर कास पूर्ण रिकामी करायला लावतो आणि पुढच्या दोन वेळा मोजतो. वासरू लावल्यावर पान्हा कसा सोडते तेही बघा. कानातल्या बिल्ल्याचे १२ अंक दाखल्याशी ताडून घ्या.

घोटीच्या पावसात मात्र मी गीरऐवजी डांगी जातीची गायच ठेवीन. तिच्या कातडीला तेलकट ओशटपणा असतो, पाणी अंगावरून ओघळून जातं, काळे टणक खूर भातखाचरात टिकतात. दूध कमी, हे मेहुण्यांना आधीच सांगा.

दिंडोरी-निफाडकडचे आठ-दहा जण तयार असतील तर महिन्याचा मोजणीचा दिवस ठरवू. काटा आणि वह्या मी आणतो.