ॲडव्हेंटमध्ये तुरुंगातला योहान वाच

प्रिय बाळा, प्रभूच्या नावात सलाम.

तुझा मेसेज वाचला. ॲडव्हेंट, म्हणजे नाताळाआधीचा चार रविवारांचा तयारीचा काळ, त्यात सगळे कॅरल्सच्या प्रॅक्टिसला लागलेत आणि तुला मात्र आतून काहीच वाटत नाहीये, प्रार्थनेला बसलं की देव खरंच ऐकतोय का हाच प्रश्न डोक्यात, आणि असा प्रश्न घेऊन उपासनेला बसणं म्हणजे ढोंग वाटतं म्हणतेस. मग गोठा, मेंढपाळ, मागी लोक (पूर्वेकडून आलेले ज्ञानी) हे सगळं सध्या राहू दे. तसंही ज्या चर्चेसमध्ये तीन वर्षांच्या चक्राप्रमाणे (एक वर्ष मुख्यतः मत्तय, मग मार्क, मग लूक) वाचनं होतात तिथे शुभवर्तमान गव्हाणीपासून सुरू होतच नाही, पहिल्या रविवारी जागे राहा म्हणून इशारा, मग दोन रविवार बाप्तिस्मा करणारा योहान, आणि मरीया-योसेफ येतात ते थेट चौथ्या रविवारी.

तू मत्तयाच्या शुभवर्तमानाचा ११ वा अध्याय काढ. योहान तुरुंगात आहे. तिथला सत्ताधारी हेरोद, त्याला तोंडावर सुनावलं की भावाची बायको ठेवणं तुला योग्य नाही, त्याची ही शिक्षा. आता जरा मागे जाऊन अध्याय ३ बघ, हाच माणूस यार्देनकाठी गरजत होता, कुऱ्हाड झाडांच्या मुळाशी ठेवलेली आहे, येणारा (म्हणजे देवाने वचन दिलेला ख्रिस्त) अग्नीने बाप्तिस्मा करील, भुसा जाळून टाकील वगैरे. आणि झालं काय? कुऱ्हाड कुठे पडलीच नाही, हेरोद मजेत आणि योहान आत! मग तो शिष्यांना पाठवून येशूला सरळ विचारतो, येणारा तो तूच का आम्ही दुसऱ्या कोणाची वाट बघायची? ज्याने येशूचा बाप्तिस्मा केला त्याचा हा प्रश्न आहे बरं का, कोणा नवख्याचा नाही.

आता येशूचं उत्तर सावकाश वाच. आंधळे बघतात, लंगडे चालतात, कुष्ठरोगी शुद्ध होतात, बहिरे ऐकतात, मेलेले उठतात, गरिबांना सुवार्ता मिळते. बरंचसं जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं, अध्याय ३५ आणि ६१ मधलं. पण यशया ६१:१ उघडून शेजारी ठेव. तिथे धरून नेलेल्यांच्या सुटकेचीही घोषणा आहे, आणि तुरुंगातल्या माणसाला पाठवलेल्या उत्तरात नेमकी तीच ओळ नाही. का नाही ते मत्तय सांगत नाही आणि मी पण उगाच जुळवाजुळव करणार नाही. योहान सुटला नाही हे मात्र अध्याय १४ मध्ये आहे, त्याचं डोकं तबकात आणलं गेलं. म्हणून ॲडव्हेंटमध्ये कोणी "धीर धर, सगळं तुझ्या मनासारखं होईल" म्हणालं की मला ते पटत नाही, शास्त्रात तसं लिहिलेलंच नाही.

पण येशू रागावला का त्याच्यावर? अजिबात नाही. बरं, प्रश्न विचारायला योहान एकटा कुढत बसला नाही, माणसं पाठवली, आणि पाठवली ती येशूकडेच. तुझं ढोंग वगैरे काही नाही गं, फक्त तो प्रश्न मला विचारलास तसा प्रार्थनेतही विचार, याच शब्दांत, गुळगुळीत न करता. आणि गंमत म्हणजे मत्तयाच्या वर्षी हा उतारा येतो तो तिसऱ्या रविवारी, बऱ्याच ठिकाणी गुलाबी मेणबत्ती लावतात त्या आनंदाच्या रविवारी!

रोज पाच मिनिटं पुरे, एवढाच उतारा आठवडाभर वाच, रोज नवीन अध्याय संपवायची घाई नको. लूक १ नंतर घेऊ, योहानाचे वडील जखऱ्या यांच्याबद्दल बरंच बोलायचंय. आणि ६ व्या वचनाला थांबू नकोस, ११ पर्यंत जा. स्त्रियांपासून जन्मलेल्यांत योहानापेक्षा मोठा कोणी झाला नाही असं येशू तिथे म्हणतो, पण कधी म्हणतो ते बघ, योहानाचे शिष्य निघाल्यावर. निरोप घेऊन जाणाऱ्यांच्या हाती ते वाक्य दिलंच नाही त्याने. असं का, यावर तुला काय वाटतं ते लिही, मग बोलू.