स्ट्रिंगमधली स्पेस काढण्याआधी

स्ट्रिंग म्हणजे प्रोग्रॅममधला मजकूर. आधी ठरव, त्यातली कुठली स्पेस नकोय. फक्त दोन्ही टोकांची असेल तर पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत strip() पुरे. नाव, पत्ता अशा मजकुरात मधल्या जागांना हात लावू नकोस, शब्द एकमेकांना चिकटतील.

सगळ्याच काढायच्या असतील तर replace(" ", "") चालतं, पण ते फक्त साधी स्पेस काढतं. टॅब, नवी ओळ तशीच राहते. वेबपेजवरून कॉपी केलेल्या मजकुरात तर कधीकधी न तुटणारी स्पेस (जिथे ओळ तुटत नाही, अक्षर-क्रमांक १६०) असते. दिसायला अगदी तशीच, म्हणून तासन् तास डोकं खातं. त्यापेक्षा split() कंसात काहीही न देता वापर, ते मजकुराचे तुकडे करतं, आणि ते तुकडे रिकाम्या स्ट्रिंगने जॉइन कर, म्हणजे "".join(तुकडे). साधी स्पेस, टॅब, नवी ओळ, न तुटणारी स्पेस, सगळ्याच जातात.

आणि हो, मूळ स्ट्रिंग बदलत नाही. नवी मिळते, ती व्हेरिएबलमध्ये (नाव दिलेल्या जागेत) ठेवायलाच हवी. जावास्क्रिप्टमध्येही तेच, शिवाय तिथे रिप्लेसला साधी स्ट्रिंग दिलीस तर पहिलीच स्पेस जाते.