एलिट डेंजरस या अंतराळातल्या व्हिडिओ गेममध्ये पळायला कुठलं जहाज घ्यावं?

हे बघ भावा, सुरुवातीला सगळे कार्गोचा आकडा बघून जहाज घेतात, पण पायरेट मागे लागला की कार्गो नाही, बूस्ट (इंजिनाचा थोड्या वेळाचा जादा जोर) कामाला येतो. माझं ऐकशील तर कोब्रा मार्क थ्री घे, बूस्टला सहज ४०० मीटर प्रति सेकंद जातं, परवडतंही आणि माल पण बऱ्यापैकी मावतो. टाइप-७ चं पोट मोठं आहे पण ते वळेपर्यंत शिल्ड गेलेली असते, नवीन माणसाने त्याच्या नादी लागूच नये. आणि नुसतं जहाज घेऊन भागत नाही रे, इंटरडिक्शन आलं (म्हणजे प्रवासात दुसऱ्या जहाजाने तुला खेचून थांबवायला घेतलं) आणि सुटत नाहीये असं वाटलं तर झगडत बसू नको, थ्रॉटल शून्य करून सबमिट कर म्हणजे स्वतःहून थांब, कूलडाउन (ड्राइव्ह परत वापरता येईपर्यंतची वाट) कमी लागतो, मग सगळी ताकद शिल्ड आणि इंजिनला देऊन बूस्ट मारत दुसऱ्या सिस्टीमला (दुसऱ्या ताऱ्याकडे) थेट जंप मार. त्याच सिस्टीममध्ये सुपरक्रूझला (सिस्टीमच्या आतल्या वेगवान प्रवासाला) गेलास तर मोठ्या जहाजाच्या मास लॉकमुळे, म्हणजे त्याच्या वजनाने येणाऱ्या अडथळ्यामुळे, ड्राइव्ह चार्ज व्हायला जीव खातो, दुसऱ्या सिस्टीमच्या जंपला ते लागूच होत नाही. शिल्ड काढून जागा वाचवायची तर अजिबात नाही. आणि रीबायचे (जहाज फुटलं तर ते परत मिळवायचे) पैसे खात्यात ठेवूनच डॉकमधून निघ.