रस्त्याच्या कामावर भरधाव गाडीचा इशारा देणारी वायरलेस यंत्रणा खरंच उपयोगी पडते का?

तुम्ही विचारलंय, महामार्गावर काम चालू असताना वेगात येणाऱ्या गाडीची खबर मजुरांना आधी देणारी वायरलेस यंत्रणा जीव वाचवते का. मी अशा कामांवर सेफ्टी सुपरवायझर आहे. वाचवू शकते, पण सेन्सर किती लांब लावलाय यावर सगळं अवलंबून.

गाड्या वळवायला ठेवलेल्या कोनची रांग सुरू होण्याच्या बरंच आधी रडार लावतात, किंवा बंद लेनच्या तोंडाशी आडवी रबरी नळी टाकतात. ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाची गाडी दिसली, किंवा नळीवर चाक चढलं, की रेडिओवरून संदेश जातो. भोंगा वाजतो, दिवा लागतो आणि मजुराच्या अंगावरचं छोटं यंत्र थरथरतं. मला ही थरथर सगळ्यात मोलाची वाटते. रस्ता फोडायचा ब्रेकर चालू असला की शेजारच्याची हाकसुद्धा ऐकू येत नाही, भोंग्याचं काय घेऊन बसलात!

आता हिशेब बघा. ताशी 100 किलोमीटरची गाडी सेकंदाला जवळजवळ 28 मीटर कापते. सेन्सर 150 मीटरवर असेल तर हातात पाच सेकंद. वाकून काम करणारा माणूस मान वर करून कुठे पळायचं ते ठरवेपर्यंत त्यातले दोन गेले.

22 मार्च 2023 ला अमेरिकेत बाल्टिमोरजवळच्या आय-695 महामार्गावर ताशी 160 किलोमीटरहून जास्त वेगातली गाडी काँक्रीट बॅरियरमधल्या मोकळ्या जागेतून कामात घुसली. सहा कामगार गेले. त्या वेगाला 150 मीटर म्हणजे साडेतीन सेकंदही नाहीत. म्हणून माझं ठाम मत आहे, आधी बॅरियरमधली फट बंद करा, मग यंत्राचं बघा.

दुसरी अडचण खोट्या इशाऱ्यांची. आमच्या एका साइटवर वेगाची मर्यादा इतकी कमी लावली होती की दर मिनिटाला भोंगा. दोन दिवसांत कुणी मान वर करेना. मग दिवसभर गाड्यांचे वेग मोजले आणि मर्यादा वाढवली, तेव्हा कुठे माणसं पुन्हा लक्ष देऊ लागली.

रोज सकाळी मी पळायची बाजू दाखवतो आणि तिकडे खडी, पिंपं ठेवू देत नाही.

यंत्र घेणार असाल तर विक्रेत्याच्या ऑफिसात बघू नका. साइटवर ब्रेकर चालू ठेवून, पाठमोऱ्या मजुराच्या अंगावर बांधून बघा.