आधी उतरायला शिक

अगं,

तुझा मेसेज वाचला. आयुष्यातला पहिलाच ट्रेक, आणि डायरेक्ट कळसूबाई, तेही शनिवारच्या नाइट ट्रेकला! १६४६ मीटरचा डोंगर आहे, पुढच्या वर्षी पण तिथेच असणार. अंधारात पुढच्याच्या टाचा बघत चढायचं आणि शिडीखाली लाइनीत ताटकळत उभं राहायचं, मला तरी यात मजा वाटत नाही.

आधी सिंहगड कर. हसू नकोस, गाडीने भजी खायला जातो तो नाही, पायथ्याच्या आतकरवाडीतून पायी. साधारण ६०० मीटरचा चढ आहे, नवख्याला दीड-दोन तास लागतात, वाट मळलेली आहे त्यामुळे चुकायचं टेन्शन नाही. सुरुवातीला मुद्दाम हळू चाल, बोलता बोलता चालता येईल इतकं हळू, पहिल्याच चढाला जोर लावलास तर अर्ध्यात फे फे उडते बघ.

पण चढणं जमतं गं सगळ्यांना, धापा टाकत का होईना. खरी गोम उतरण्यात आहे. कॉलेजात असताना एकदा मार्चमध्ये मी तिथूनच उड्या मारत खाली येत होतो, वाट वाळून खडखडीत, मुरमाचा घसारा झालेला, पाय कधी सटकला कळलंच नाही, बसल्या बसल्या चार-पाच फूट खाली, दोन्ही तळहात सोलून निघाले. मी हात झटकतोय तोवर डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेल्या एक आजी साध्या स्लिपरवर बाजूने उतरून गेल्या, जाता जाता म्हणाल्या, "पाय आडवा टाक रं बाबा." बास, एवढंच.

भीती वाटली की आपण मागे रेलतो, आणि तिथेच घसरतो. गुडघे जरा सैल ठेव, पावलं छोटी, पाऊल थोडं तिरकं आणि पूर्ण तळवा टेकवून. उतरायच्या आधी लेस परत आवळून बांध, नाहीतर बोटं पुढे आपटत राहतात आणि आठवड्याने अंगठ्याचं नख काळं पडतं. आदल्या दिवशी नखं काप, खरंच. महागडे शूज लगेच घेऊ नकोस, सोलला चांगल्या खाचा असल्या की झालं.

पाणी दोन लिटर तरी ने, टॉर्च वेगळा ठेव (मोबाइलचा धरू नकोस, वर फोटो काढून बॅटरी संपलेली असते). परतीची शेवटची बस किती वाजता आहे ते चढायच्या आधीच खाली विचारून घे.

असे दोन-तीन सिंहगड झाले की लोणावळ्याहून राजमाची, आणि उतरताना कर्जतकडच्या कोंडिवड्याची बाजू, ती उतरण तुझे गुडघे बरोब्बर तपासेल. त्यानंतर कळसूबाईला मीच येतो सोबत. पण दिवसा, आणि रविवार सोडून.

तुझा काका