बाप्तिस्मा घेऊन सहा वर्षं झाली, तरी राग तसाच आहे. माझी आत्मिक वाढ थांबली आहे का?

सलाम.

तुम्ही लिहिलंय की पहिलं वर्षभर पहाटे उठून प्रार्थना व्हायची, डोळ्यांत पाणी यायचं. आता बायबल उघडलं की दोन ओळींत मन उठून जातं आणि मुलांवर ओरडणं काही सुटलेलं नाही. वाढ थांबली, की मुळात काही झालंच नव्हतं, असं तुम्हाला विचारायचंय.

मी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातला, जन्माने ख्रिस्ती. पाळक म्हणजे चर्चचा धर्मगुरू नाही, शेती करतो. म्हणून हे शिकवण म्हणून न घेता साक्ष म्हणून घ्या.

पण माझ्याआधी पंडिता रमाबाईंचं सांगतो, कारण तुमचा प्रश्न वाचताना मला त्याच आठवल्या. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात, वाँटेजला झाला. पुढे त्यांनी स्वतःच्या साक्षीत लिहून ठेवलंय की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो भेटायला आठेक वर्षं गेली, १८९१ उजाडलं. मधल्या काळात त्या काही रिकाम्या बसल्या नव्हत्या. अमेरिकेत जाऊन आल्या, १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन ही शाळा काढली. वाँटेजच्या सिस्टरांशी, म्हणजे तिथल्या जोगिणींशी, पत्रांतून त्रैक्यासारख्या (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) विषयांवर वाद घातले, पटल्याशिवाय मान हलवली नाही. ती वर्षं मला वाया गेलेली वाटत नाहीत. जमिनीची मशागत चालली होती ती.

आणि १८९१ नंतरही संपलं नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली त्यांनी आणल्या आणि केडगावचं मुक्ती सदन, त्या मुलींचं घर, उभं राहिलं. १९०५ मध्ये तिथे मोठी जागृती झाली, मुली रडत रडत प्रार्थना करत होत्या. मग? मग रमाबाई हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या आणि वर्षानुवर्षं बायबलचं मराठी करत राहिल्या. खेड्यातल्या साध्या बाईला वाचता यावं, असं मराठी. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी काम सोडलं नाही. ते हातावेगळं झालं आणि थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ ला, त्या गेल्या. बाप्तिस्म्यापासून मोजली तर जवळजवळ ३९ वर्षं होतात. तुमची सहा झालीत.

आपल्या सभांमध्ये साक्षी कशा असतात बघा. 'आधी मी अमुक होतो, प्रभू भेटला, आता तसा नाही.' ते खरंच असतं, मी कुणाला खोटं म्हणत नाही. पण मधली वर्षं कुणी उभं राहून सांगत नाही. मग नवीन विश्वासणाऱ्याला वाटतं, सगळ्यांचं एका रात्रीत झालं, माझंच अडलंय. देवाने आपल्याला नीतिमान ठरवलं ते एकदाच, ख्रिस्तामुळे, आणि ते तुमच्या मुलांवर ओरडण्याने पुसलं जात नाही. पवित्रीकरण, म्हणजे स्वभाव हळूहळू ख्रिस्तासारखा होत जाणं, मात्र जन्मभर चालतं. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायाची शेवटची ओळ काढून बघा. तिथे रूपांतर 'झालं' असं नाही, 'होत आहे' असं आहे. पौलाने फिलिप्पैकरांना तुरुंगातून लिहिलं, तेव्हा दमास्कसच्या वाटेवर त्याला ख्रिस्त भेटला त्याला कितीतरी वर्षं उलटली होती. तरी तो म्हणतो की मी अजून पूर्ण झालेलो नाही, धावतोच आहे.

आता माझं. विहीर आम्हा दोघा भावांची सामाईक, मोटार एकच. पाण्याच्या पाळीवरून थोरल्या भावाशी भांडण झालं आणि अकरा वर्षं अबोला राहिला. त्या अकरा वर्षांत मी महिन्याचा पहिला, प्रभुभोजनाचा रविवार एकदाही चुकवला नाही. प्रभुभोजनाआधी पाळक आमंत्रण वाचतात, त्यात शेजाऱ्यांशी प्रेमाने राहण्याची गोष्ट असते. ते ऐकून घ्यायचो आणि भाकर, पेला दोन्ही घ्यायचो.

एका रविवारी पेल्यांचं तबक माझ्या बाकापर्यंत आलं. दोन बाकं पुढे दादा बसला होता. त्याच्या शर्टाची कॉलर मागून आत दुमडली होती, एक दोरा लोंबत होता. आई असती तर मागून हात घालून तिने ती सरळ केली असती. मला तो पेला उचलवेना. तबक तसंच पुढे दिलं. उपासना सुटल्यावर दाराशी जाऊन दादाची कॉलर सरळ केली. बोललो काहीच नाही. तोही बोलला नाही, पण हात झटकलाही नाही.

इथे थांबलो तर ही छान साक्ष होईल. पण महिन्याच्या आत मोटार जळली, ती भरून आणायचा खर्च कुणी करायचा यावरून पुन्हा खटका उडाला आणि मी पुन्हा अबोला धरला. मला वाटलं, सगळं खोटं होतं. बुधवारच्या प्रार्थनेला एक म्हाताऱ्या बाई येतात, त्यांच्यापाशी रडलो. त्यांनी एवढंच विचारलं, "किती दिवस बोलला नाहीस?" म्हटलं, दोन. "आणि आधी?"

अकराचे दोन झाले होते. वर्षांचे दिवस झाले होते. आणि मला ते दिसलं नव्हतं.

म्हणून तुम्हालाही तेच विचारतो. मुलांवर ओरडून झाल्यावर किती वेळाने वाईट वाटतं? बाप्तिस्म्याआधी वाटायचं का? मुलापाशी बसून 'माझं चुकलं' असं कधी म्हणालात का? म्हणाला नसाल तर आज म्हणा. बापाने माफी मागितलेली मूल विसरत नाही. मार्कच्या चौथ्या अध्यायात प्रभूने सांगितलेला शेतकरी बी टाकून झोपतो, उठतो. बी कसं वाढतं हे त्याचं त्यालाच कळत नाही. आधी अंकुर, मग कणीस, मग दाणा. बाजरी उगवली का म्हणून रोज उकरून बघितली, तर ती मरते. पण पाणी आणि खुरपणी आपल्याकडेच असते, ती चुकवून चालत नाही.

वाचनाचा कंटाळा येतो तेव्हा मी अध्याय मोजणं सोडून देतो. एकच स्तोत्र घेतो आणि मोठ्याने वाचतो. तेरावं बघा, सहाच ओव्यांचं आहे, आणि त्याची सुरुवातच 'हे परमेश्वरा, किती वेळ?' अशी तक्रारीने होते. तुमचा प्रश्न दाविदाने आधीच देवाला विचारून ठेवलाय. आणि एकटे राहू नका. मंडळीतलं एक तरी माणूस असं ठेवा, ज्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येईल. याकोबाने पापं एकमेकांपाशी कबूल करायला सांगितलंय, ते आपण फार कमी करतो.

येत्या बुधवारच्या प्रार्थनेत तुमच्यासाठी आणि तुमच्या मुलांसाठी मागणी ठेवतो. तुमचं नाव मला माहीत नाही, पण देवाला माहीत आहे. दादाही असेल तिथे, हल्ली तोही येतो.